तव्यावर न मरणारं विष



या सदरात आम्ही एरवी यंत्रांबद्दल लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही एका कारखान्याचाच. या कारखान्याला धुराडं नाही, भोंगा नाही, आणि तो चालतो कुठे, तर शेंगदाण्याच्या पोत्यात, मक्याच्या कणसात, वाळत घातलेल्या मिरचीत. बुरशी आणि तिने तयार केलेली विषं, हा आजचा विषय.

हा विषय काढायचं कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. अन्न टाकायचं नाही, हा संस्कार घेऊन आपण सगळे या देशात आलो. पोळीचा तुकडा ताटात राहिला तर घरातल्या मोठ्यांची नजर पुरेशी असायची. त्यामुळे दाण्यांना बुरा आला, भाकरीच्या पिठाला कुबट वास आला, की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "वरचं काढून टाक, बाकीचं खरपूस भाजून घे, काही होत नाही." या वाक्यामागे तर्क आहे. पाणी उकळलं की जंतू मरतात, दूध तापवलं की टिकतं, मग भाजल्यावर बुरशीही मरेल. बुरशी मरतेच. पण तिने तयार केलेलं विष हा काही सजीव प्राणी नव्हे. ते एक रसायन आहे, आणि ते मरत नाही. एवढी एकच गोष्ट आज आम्हाला सांगायची आहे. बाकीचं सगळं तिचं स्पष्टीकरण.

गंमत अशी, की जगाला ही गोष्ट नीट कळली ती आपण राहतो त्या या इंग्लंडमध्येच. साल १९६०. त्या वर्षी उन्हाळ्यात ईस्ट अँग्लिया आणि दक्षिण इंग्लंडमधल्या फार्मांवर टर्कीची पिल्लं मरू लागली. खाणं सोडायची, पंख खाली पाडून बसायची आणि आठवड्याभरात मान टाकायची. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पिल्लं गेली. पाठोपाठ बदकांची आणि फेझंटचीही पिल्लं दगावली. ख्रिसमसच्या तोंडावर टर्कीवाल्यांची काय अवस्था झाली असेल, हे सांगायला नको. आधी वाटलं, एखादा नवा विषाणू असावा. पण एका पक्ष्याचा रोग दुसऱ्याला लागत नव्हता. कारण सापडेना म्हणून रोगाचं नाव पडलं 'टर्की एक्स'. बीजगणितात अज्ञात संख्येला आपण 'क्ष' म्हणतो, तसं.

मग पशुवैद्यांनी पिल्लांचं खाद्य तपासलं. आजारी फार्मांच्या खाद्यात एक गोष्ट समान निघाली, ती म्हणजे ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. तेल काढून उरलेला चोथा, जो आपल्याकडे म्हशीच्या आंबोणात जातो, तो. वेब्रिजची सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळा आणि लंडनची ट्रॉपिकल प्रॉडक्ट्स इन्स्टिट्यूट यांनी मिळून या पेंडीचा पिच्छा पुरवला. पेंडीतला अर्क बदकाच्या एक दिवसाच्या पिल्लांना देऊन ते विष मोजत होते, कारण ती पिल्लं त्याला फार हळवी असतात. तो अर्क कागदावर पसरवून अतिनील दिव्याखाली धरला, तर निळसर चमकला. १९६१ साली या सगळ्यामागची बुरशी ओळखली गेली. तिचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. 'ॲ' आणि 'फ्ला' घेऊन विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन. निळं चमकतं ते 'बी', हिरवं चमकतं ते 'जी', आणि पुढे १, २ असे आकडे. त्यांतलं बी-१ सर्वांत जहाल. १९६३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचनाही उलगडली.

त्याच १९६१ साली इंग्लंडमध्ये दुसरी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती जास्त गंभीर होती. विषारी पेंड खाऊ घातलेले उंदीर लगेच मेले नाहीत. पण सहा महिन्यांनी पाहिलं, तर अकरापैकी नऊ उंदरांच्या यकृतात गाठी झालेल्या होत्या. म्हणजे या विषाचे दोन चेहरे आहेत. खूप पोटात गेलं तर ते यकृत जाळतं आणि थोड्या दिवसांत मारतं. थोडं थोडं वर्षानुवर्षं जात राहिलं तर कर्करोगाचं बी पेरतं.

आता हा कारखाना चालतो कसा ते पाहू. इथे आम्हा इंजिनियर मंडळींना थोडं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. कोणत्याही सजीवाला जगायला लागणारी रसायनं बुरशी तयार करतेच. पण त्याखेरीज ती काही जादा उत्पादनं काढते, ज्यांच्यावाचून तिचं रोजचं जगणं अडत नाही. पेनिसिलिन हे असंच एक उत्पादन. १९२८ साली पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बशीत दिसलं ते. अफ्लाटॉक्सिन हे दुसरं. एकाच जातीच्या कारागिरीतून औषधही निघतं आणि विषही.

अफ्लाटॉक्सिनचा कच्चा माल अगदी साधा आहे. दोन कार्बन अणूंचे छोटे तुकडे, ज्यांच्यापासून बुरशी स्वतःची चरबीही बनवते. हे तुकडे एकाला एक जोडत लांब साखळी करायची, मग ती दुमडून तिची कडी घालायची. पहिला ठळक टप्पा म्हणजे एक नारिंगी रंगाचं द्रव्य. तिथून पुढे एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यात थोडा थोडा फेरफार करत जातं. असेंब्ली लाइनवर प्रत्येक कामगार एकच नट आवळतो ना, अगदी तसं. वीसेक पायऱ्या झाल्या की शेवटी बी-१ बाहेर पडतं. या सगळ्या कामगारांचे आराखडे, म्हणजे पंचवीस-तीस जनुकं, बुरशीच्या एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि त्यांच्यावर एक मुख्य बटण आहे. बटण दाबलं की सगळी लाइन सुरू.

मग हे बटण दाबतं कोण? हवा, पाणी आणि पिकाचे हाल. ही बुरशी उष्ण देशांची रहिवासी. बारा-तेरा अंशांच्या खाली ती जवळजवळ गप्प असते. विष मात्र सर्वांत जोमाने तयार होतं ते २८ ते ३० अंशांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडचा सप्टेंबर-ऑक्टोबर. बुरशीचे बीजाणू मातीत असतातच. भुईमुगाची शेंग जमिनीत पोसते, त्यामुळे तिचा मातीशी कायमचा संबंध. पीक काढायला तीन-चार आठवडे असताना पावसाने ओढ दिली, की रोप कोमेजतं. एरवी दाणा बुरशीला रोखणारी काही द्रव्यं स्वतः तयार करतो, पण पाणी तुटलं की तेही थांबतं. त्यात वाळवीने किंवा किड्याने टरफलाला भोक पाडलं, की दार उघडंच. पुढे शेंगा उपटल्या आणि परतीच्या पावसाने गाठलं, की उरलेलं काम खळ्यावर पुरं होतं. दाण्यातला ओलावा ७ टक्क्यांच्या खाली आला की बुरशीला हालचाल करता येत नाही. तिथपर्यंत किती लवकर पोचतो, यावर सगळा खेळ. म्हणून शेतकरी वेल उलटे करून, शेंगा वर येतील असे वाळत घालतात. ती काही नुसती रीत नाही, त्यात शास्त्र आहे.

बुरशी हे विष का बनवते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतात किड्यांना पळवून लावायला, कोणी म्हणतात स्वतःवरचा ताण निभावून न्यायला. नवलाची गोष्ट ही, की जपानी लोक सोया सॉस आंबवायला वापरतात ती ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीची सख्खी चुलत बहीण आहे. तिच्याकडेही हे आराखडे बऱ्याच अंशी आहेत, पण बटण बंद पडलेलं. शेकडो वर्षं माणसाने सांभाळली, ती माणसाळली म्हणा ना. याच कल्पनेचा उपयोग करून आफ्रिकेत आणि अमेरिकेत शेतात मुद्दाम बिनविषारी ॲस्परजिलस फ्लेव्हस सोडतात. ती जागा अडवते आणि विषारी भावंडाला हातपाय पसरू देत नाही.

आता तव्याकडे येऊ. अफ्लाटॉक्सिन बी-१ वितळतं तेच मुळी सुमारे २६८ अंशांना. प्रेशर कुकरमध्ये जेमतेम १२० अंश होतात. कढईत दाणे भाजताना आतला दाणा दीडशेच्या फार वर गेला, तर तो करपतो आणि चटणी कडू होते. म्हणजे बुरशी मरायला पुरेल इतकी उष्णता आपण सहज देतो, आणि विष मोडायला लागेल इतकी देऊच शकत नाही. भाजण्याने विष काही प्रमाणात कमी होतं हे खरं, पण पुरतं जात नाही. उकडल्याने त्याहूनही कमी. आणि भाजताना दिसणारा बुरा मात्र जातो, वासही जातो! आपल्याला सावध करणाऱ्या दोन्ही खुणा पुसल्या जातात, विष तिथेच राहतं.

पोटात गेल्यावर काय होतं? यकृत हे शरीराचं शुद्धीकरण केंद्र. बाहेरचं काही आलं की यकृतातली विकरं त्याला बदलून बाहेर घालवायची खटपट करतात. इथे नेमकी ही खटपटच अंगाशी येते. बी-१ला बदलताना जे रूप तयार होतं, ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं. कर्करोगाला लगाम घालणारं एक जनुक आहे, त्यात एका ठरावीक ठिकाणी बिघाड होतो. तो इतका ठरावीक असतो, की गाठीत तो सापडला तर डॉक्टरांना अफ्लाटॉक्सिनचा संशय येतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अफ्लाटॉक्सिन पहिल्या गटात टाकलेलं आहे. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, त्याच.

याला आणखी एक जोड आहे, ती आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी. १९९४ साली शांघायमधल्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरात नुसत्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका तिप्पट-चौपट. ज्यांना नुसता हेपटायटिस बी होता, त्यांना सातपट. दोन्ही असतील त्यांना जवळजवळ साठपट. हे दोन धोके बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात. या देशात १ ऑगस्ट २०१७ नंतर जन्मलेल्या सर्व बाळांना हेपटायटिस बीची लस नेहमीच्या लसींबरोबर मिळते. आपली पिढी मात्र ती न घेता मोठी झाली. लहानपण भारतात गेलेल्यांनी एकदा जी.पी.ला विचारून रक्त तपासून घ्यायला हरकत नाही.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल, तर १९७४ची गोष्ट ऐका. गुजरातमधला पंचमहाल जिल्हा आणि त्याला लागून राजस्थानातला बांसवाडा. दोन्हीकडे मुख्यतः भिल्ल वस्ती, आणि मका हेच रोजचं अन्न. त्या वर्षी काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला आणि मका भिजला. ऑक्टोबरात घराघरांतून माणसं पिवळी पडू लागली, पोटात पाणी भरू लागलं. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मका तपासला, तेव्हा किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. आणि हे लक्षात घ्या, की माणसांच्या आधी गावातली कुत्री मरत होती. तीच कावीळ, तसंच पोट फुगलेलं. कुत्र्यांनी तोच मका खाल्ला होता. २००४ साली केनियात याच कारणाने ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. तिथेही मकाच होता.

त्या माणसांना मका खराब झालेला दिसत नव्हता का? दिसत असणार. पण घरात दुसरं धान्यच नव्हतं. खराब आहे म्हणून टाकून देता येणं, हीसुद्धा एक सुबत्ता आहे. ती आपल्याला आज या देशात मिळालेली आहे, एवढं विसरू नये असं आम्हाला वाटतं.

आता कोणी म्हणेल, हे सारं उष्ण आणि गरीब मुलखातलं. इंग्लंडात काय त्याचं? तर मँचेस्टरला जाऊ. १९२७-२८ साली तिथे दोनशेच्या आसपास माणसांना एकच आजार झाला. हातपाय गार पडायचे, बोटांना मुंग्या यायच्या, डोकं दुखायचं. सारे रुग्ण मध्य आणि पूर्व युरोपातून आलेले ज्यू. शेजारच्या इंग्रजांना काहीच नाही. कारण ते गव्हाचा पाव खात होते, आणि ही मंडळी आपल्या गावाकडचा राय धान्याचा काळा पाव. त्या वर्षीच्या रायवर अरगट नावाची बुरशी पडली होती. ही विषं वेगळी. ती प्रथिनांतल्या एका घटकापासून तयार होतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. शहर एक, बाजार एक. पण परक्या देशात आपलं अन्न वेगळं ठेवणाऱ्यांचा धोकाही वेगळा होता. आम्हाला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. सरासरी इंग्रज माणूस दाणे खातो ते बीअरबरोबर चिमूटभर. आपल्याकडे उपवासाच्या एका दिवशी साबुदाण्याच्या खिचडीत, दाण्याच्या आमटीत आणि वर लाडवात मिळून किती दाणे जातात, याचा हिशोब घरच्या माणसांनीच करावा.

हा अरगट आपल्या बाजरीवरही पडतो. कणीस फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा राहिली, की त्यातून मधासारखा चिकट पाझर येतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट कडक गाठ बनते. पन्नाशीच्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या काही खेड्यांत अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, गुंगी असा त्रास झाला होता. यावर शेतकऱ्यांचा तोडगा अगदी सोपा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं आणि त्यात बाजरी सोडायची. अरगटाच्या गाठी हलक्या, त्या वर तरंगतात. त्या काढून टाकायच्या, बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायची. आर्किमिडीज सांगलीच्या बांधावर उभा राहिला असता तर खूश झाला असता!

इंग्लंडच्या थंड हवेत अफ्लाटॉक्सिन शेतात तयार होत नाही, ते बाहेरून आलेल्या मालातून येतं. इथल्या बुरशा निराळ्या. ओला उन्हाळा गेला की गव्हावर फ्युझेरियम पडते आणि तिचं विष गव्हात उतरतं. धान्य नीट न वाळवता कोठारात भरलं, तर तिथे पेनिसिलियमची एक जात ऑक्राटॉक्सिन बनवते, जे मूत्रपिंडाला वाईट. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन तयार होतं, म्हणून सफरचंदाच्या रसात किलोमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. या प्रत्येकासाठी इथे कायद्याने मर्यादा ठरलेल्या आहेत आणि तपासणीही होते.

शेंगदाण्यांची मर्यादा मात्र पाहण्यासारखी आहे. थेट खायच्या दाण्यात किलोमागे बी-१ दोन मायक्रोग्रॅम, आणि सगळी अफ्लाटॉक्सिनं मिळून चार. मिरची, हळद यांसारख्या मसाल्यांत पाच आणि दहा. किलोमागे चार मायक्रोग्रॅम म्हणजे एका टनात चार मिलिग्रॅम, चिमूटभर मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरेल. आता थोडं गणित. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे निर्मळ आणि एखादाच भरलेला, असा प्रकार असतो. अतिशय खराब दाण्यात त्याच्या वजनाच्या एक हजारांश इतकं विष सापडल्याची नोंद आहे. दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला, तर त्यात अर्धा मिलिग्रॅम. हा एक दाणा १२५ किलो निर्मळ दाण्यांत मिसळला, तर सगळा १२५ किलो माल मर्यादेच्या काठावर येतो! म्हणून बंदरावरचा तपासनीस मूठभर दाणे घेऊन भागवत नाही. मोठ्या मालातून शंभर ठिकाणचे मिळून २० किलोपर्यंत दाणे काढतात, दळून एकजीव करतात आणि मग मोजतात. भारतातून येणाऱ्या शेंगदाण्यांचं नाव जादा तपासणीच्या यादीत बरीच वर्षं आहे.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र आपल्या फायद्याची. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, आणि ते दाणे बहुतेक वेळा सुरकुतलेले, काळपट, किडके किंवा रंग गेलेले असतात. ते वेचून काढले, की बहुतांश विष त्यांच्याबरोबर जातं. मोठे कारखाने हेच काम कॅमेरे लावून करतात. आपल्या आज्या सूप पुढ्यात घेऊन दुपारभर करत होत्या. दळून आणलेल्या कुटात मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिथे दाणा ओळखूच येत नाही.

आता घरी काय करावं, ते सरळ सांगतो.

स्वस्त पडतं म्हणून पाच किलोचं पोतं आणून गॅरेजमध्ये किंवा जिन्याखालच्या कपाटात बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. हिवाळ्यात त्या गार भिंतीवर घरातली वाफ पाणी होऊन बसते, आणि पोतं ते शोषतं. दाणे थोडे थोडे आणावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, जास्त असतील तर फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधला डबा बाहेर काढल्यावर घरातल्या उबेला आला की मगच उघडावा. नाही तर गार दाण्यांवर दव धरतं. कूट आठवड्याला पुरेल इतकंच करावं.

भाजण्याआधी दाणे निवडावेत. काळा, चिमलेला, हिरवट-पिवळी पूड धरलेला दाणा टाकावा. असे दाणे बरेच निघाले, तर सगळाच डबा टाकावा. एखादा दाणा तोंडात कडू लागला, तर तो गिळू नये. खवटपणा ही मात्र वेगळी गोष्ट. तेल हवेने बिघडलं की दाणा खवट होतो, त्यात विष असेलच असं नाही. आणि दाणा खवट लागत नाही म्हणून तो निर्विष, असंही नाही.

पाव, पोळी, शिजलेला भात, मुरंबा, मऊ चीज यांवर बुरशी दिसली, तर सगळंच टाकावं. मऊ पदार्थात तिचे धागे दिसतात त्याहून खूप खोल गेलेले असतात. चेडरसारख्या कडक चीजवर एका जागी बुरशी असेल, तर भोवतालचा इंचभर भाग कापून बाकीचं चालतं.

रिफाइंड तेलाची काळजी नको. शुद्धीकरणात हे विष निघून जातं. गावाहून येणाऱ्या घाण्याच्या तेलाला ती खात्री नाही. तिथे दाणे कसे होते यावर सगळं अवलंबून. तसंच दुधाचं. गायीने विषारी पेंड खाल्ली, तर थोडा अंश दुधात उतरतो. हेही वेब्रिजलाच साठच्या दशकात सापडलं. इथे दुधाची मर्यादा किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दाण्यांच्याही कितीतरी खाली, कारण दूध पिणारी बहुधा लहान मुलं असतात.

आणि शेवटची गोष्ट. टाकायला जीव होत नाही म्हणून खराब दाणे बागेतल्या पक्ष्यांना घालायची आपल्याला सवय आहे. पाखरांच्या मुखी लागलं म्हणजे वाया गेलं नाही, असं मन म्हणतं. ते करू नये. टर्कीचं काय झालं ते वर लिहिलं आहेच, आणि बागेतली चिमणी तिच्यापुढे केवढीशी. इथे पक्ष्यांसाठी विकायचे दाणेसुद्धा अफ्लाटॉक्सिन तपासून घेतलेले असावेत, असा पक्षीमित्रांचा आग्रह असतो. कुत्र्यालाही घालू नये.

घाबरून दाणे सोडायचं मात्र कारण नाही. या देशात दुकानात मिळणारे चांगले दाणे तपासून आलेले असतात, आणि एखाद्या वेळी एखादा वाईट दाणा पोटात गेल्याने काही आकाश कोसळत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. आई-बाबा किंवा सासूबाई उन्हाळ्यात इथे येतात, पिशवीतून प्रेमाने दाणे, तिखट, बाजरीचं पीठ आणतात. त्यातलं काही ओलं लागलं आणि कुबट वास आला, तर त्यांना दुखवायला नको म्हणून आपण गुपचूप भाजून वापरतो. त्यापेक्षा त्यांच्यासमोर बसून हे सगळं समजावून सांगावं. बुरा कुठला आणि किडका दाणा कुठला, हे त्यांना आपल्याहून चांगलं कळतं. निवडायला ताट त्यांच्याच पुढ्यात द्यावं, आणि नातवंडांना शेजारी बसवावं. निवडणं ही विद्या आपल्याकडे होती. ती आपण तयार पाकिटांच्या नादाने सोडली, एवढंच.

पुढच्या अंकात पुन्हा यंत्रांकडे वळू. तोवर डबे कोरडे ठेवा.